निरगाठ

आंबागडच्या डोमाचा हात दोरावर बसलेला. अंबाडीचा वाख वळता वळता साठी उलटली, पण आपल्या दाव्यानं एकाही वासराचा गळा आवळला नाही, हे तो चारचौघांत मिशीवर ताव देऊन सांगायचा. गळ्यात बांधायची ती निरगाठ, कितीही ओढली तरी न आवळणारी. ओढताच आवळणारा सरफास बांधणाऱ्या एका पोराला त्याच्या बापानं काठीनं फोडून काढलं होतं. ते पोर म्हणजे खुद्द डोमाच.

मग मोनिका गेली. एकुलती एक लेक, नवऱ्यानंच मारली. कुंदन तुरुंगात, नात खुशबू आजा-आजीकडे आणि गाव खवळलेलं. तुमसरला मोर्चा न्यायचं ठरलं: कुंदनला फाशी द्या. चौकात त्याचा पुतळा लटकवायचा आणि दोर मुलीच्या बापाच्या हातचा हवा, असं पुढारी भैय्याजींनी जाहीर करून टाकलं. डोमाला विचारतो कोण.

डोमाच्या डोक्यात नुसता कालवा. सकाळी वाटे, लटकवा मेल्याला. जेवायला बसला की वाटे, त्यानं पोरगी उठून बसणार आहे का? बायकोच्या, तुळसाच्या मनात असला घोळ नव्हता.

"माही पोरगी मातीत गेली, अन् तो सरकारी भाकर खाईन?"

"जनमभर कोंडलं त?"

"त का? जित्ता त राहीनच ना."

भैय्याजींनी समजावलं, "फाशीनं लोकाइले धाक बसते, डोमाजी."

"धाक त कुंदनलेबी होता," डोमा पुटपुटला. "त्या वक्ताले कुठी गेला?"

भैय्याजी पान चघळत राहिले. डोमानं दोर वळला, गाठ मारली आणि तुळसा-खुशबूला घेऊन मोर्चात सगळ्यांच्या पुढे चालला.

चौकात घोषणा झाल्या. दोर ओढला, तर पुतळ्याची मान आवळेचना. भाताच्या तणसाचं डोकं फासातून निसटलं आणि पुतळा धपकन खाली आला. कोणीतरी हसलं. तुळसानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"निरगाठ काहून मारली, डोमाजी?" भैय्याजी चिडले.

"हातानं मारली. मले काहीच समजून नाही राहिलं."

"मंग आता नीट बांधा."

डोमानं दोर घेतला. सरफास त्याला येत नव्हता थोडाच. तेवढ्यात खुशबूनं त्याचं धोतर ओढलं.

"आबाजी, मी शाळेत होती तवा मायनं शेवटी का म्हटलं? माहं नाव घेतलं का?"

घरात तेव्हा मोनिका आणि कुंदन दोघंच होती.

"ते तुया बापालेच ठाऊक, बाई."

"मंग तो मेल्यावर मी कोनाले इचारू?"

तुळसानं हे ऐकलं. ती पुढे झाली, नवऱ्याच्या हातातला दोर तिनं काढून घेतला. आता हीच फास बांधणार, म्हणून लोक सरसावले. तिनं दोर गुंडाळून काखेत मारला.

"म्या त्याले माफ नाही केलं," ती म्हणाली. "घरी चला."

डोमा नातीचा हात धरून तिच्यामागं निघाला. नेमकं काय ठरलं, हे त्याला आंबागडापर्यंत कळलं नाही, आणि तुळसाला विचारायची हिंमतही झाली नाही.