हळद-मिठातली गाठ

नव्वदनंतरच्या वर्षांत मी जळगावच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब म्हणजे दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, एक कुरकुरणारा फ्रीज आणि एक डॉक्टर. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मेणात बसवून त्यांच्या वड्या पाडायच्या, हे माझं काम. त्यामुळे आमच्या घरात माझ्या हातच्या कोथिंबीरवडीला कुणी हात लावत नसे. मला त्याचा रागही यायचा आणि सुटका झाल्यासारखंही वाटायचं.

आत्याचं गाव धुळ्यापासून तासाभरावर. तिच्या छातीत गाठ निघाली. धुळ्याच्या सर्जननं ऑपरेशन ठरवलं आणि मला बाजूला घेऊन पुढचंही सांगितलं. काही गाठी अंगातल्याच हार्मोनवर पोसतात. तशी असेल तर पाच वर्षं रोज एक छोटी गोळी पुरते. नसेल तर सलाईनमधून कडक औषध द्यावं लागतं आणि आत्याचं हृदय आधीच थकलेलं. ते औषध तिला झेपेल याची खात्री त्यांना नव्हती. गाठीचा तुकडा मुंबईला पाठवून तपासायचा आणि मगच ठरवायचं.

हे आत्याला समजावून सांगायला मी शाळेतल्या बाईंसारखी तयारी करून गेले. माझं अर्धं बोलणं होण्याआधीच ती म्हणाली, "म्हंजे आखाजीना ढेकूय."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पाण्याच्या घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात. पावसाच्या चार महिन्यांची चार. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. आत्या या कामातली गावची जाणकार होती. अर्धी गल्ली तिला विचारून बियाणं आणायची. तिचा अंदाज चारांतून दोनदा चुकायचा, पण चुकल्यावर ती पावसालाच नावं ठेवायची.

"मंग गाठलेच इचारा," ती म्हणाली. "माले इचारीसन काय फायदा?"

मुंबईची तपासणी इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितली नव्हती.

त्या काळी सर्जन काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या, म्हणजे मांस टिकवणाऱ्या झोंबऱ्या औषधाच्या, बाटलीत घालून नातेवाइकाच्या हाती द्यायचे आणि नातेवाईक तो एसटीनं आमच्याकडे आणायचा. आत्याच्या वेळी हे काम तिच्या नवऱ्याकडे, म्हणजे नानांकडे आलं. नाना भला माणूस. सांगितलेलं काम सांगितल्याहून दुप्पट करायचे, हाच त्यांचा दोष. मी एसटीडी बूथवरून त्यांना ओरडून सांगितलं, "नाना, बाटल्या जिवापाड सांभाळा. तुकडा सडता कामा नये." माझ्या आवाजात तेव्हा हुकूमच असायचा.

नानांची जळगावची बस चुकली, दुसऱ्या दिवशी आखाजी, लॅब बंद. बाटल्या घेऊन ते गावी गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर त्यांनी दोन बाटल्या ठेवल्या. मोठीत छातीतली गाठ, लहानीत काखेतल्या गाठी; त्या प्रत्येकाच्याच अंगात असतात, आजार तिथवर पोचला का ते बघायला काढतात. मी मोठीचं झाकण उघडलं. फॉर्मालिननं नाकाडोळ्यांतून पाणी यायला हवं होतं. ते आलं नाही. आतलं पाणी पिवळंधमक होतं.

"नाना, हे काय?"

"हयद नि मीठ," नाना म्हणाले. "ते डॉक्टरनं पानी डोयाले झोंबे. इखच व्हतं ते. मी फेकी दिधं, गाठ धुई काढी नि हयद-मीठमा ठेवी."

आमच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बाटलीत पाहिलं. "फोडणी तेवढी राहिली," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

मी भडकले. गाठ आणि कैरी यांतला फरक कळत नाही का, असं बरंच बोलले. नाना शांतपणे म्हणाले, "तूच सांगं ना, सडाले नको म्हनीसन. मनं लोनचं तीस वरीसमा कधी सडनं नही." त्यांचं लोणचं खरोखरच सडत नसे. लहान बाटलीचंही पाणी ते बदलणार होते, पण तिचं झाकण इतकं घट्ट बसलं होतं की नानांना ते उघडताच आलं नाही.

पहिला रिपोर्ट आमच्याच लॅबमध्ये झाला. गाठ कॅन्सरचीच होती. काखेतल्या दोन गाठींतही तो पोचला होता. तेवढं वाचून मी फ्रीजच्या मागे जाऊन रडले. पसरलेला आजार म्हणजे काय, हे मला रोजच्या कामानं शिकवलं होतं. मग डोळे पुसून मोठ्या गाठीची मेणाची वडी मुंबईला रवाना केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. हार्मोनची खूण दिसत नाही, पण तुकडा नीट टिकवलेला नसल्यानं या उत्तरावर विसंबू नये. म्हणजे हे 'नाही' गाठीचं होतं की हळदीचं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी रागाच्या भरात हे नानांना जसंच्या तसं ऐकवलं. त्यानंतर नाना आत्याच्या खाटेजवळ बसेनासे झाले. दारातूनच तब्येत विचारायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. माझी जीभ तेव्हा छाटायला हवी होती, असं आजही वाटतं.

आठवडा तसाच गेला. एका दुपारी चहा पिता पिता डॉक्टर एकदम म्हणाले, "लहान बाटली कुणी उघडली नव्हती ना?"

उघडली नव्हती, म्हणजे काखेतल्या गाठी फॉर्मालिनमध्ये नीट टिकल्या होत्या. आणि काखेत गेलेला आजार छातीतूनच गेलेला. गोळीबद्दल जे मोठ्या गाठीला विचारायचं होतं, ते काखेतल्या गाठीलाही विचारता येणार होतं. ज्या दोन गाठींसाठी मी रडले होते, त्याच आता कामाच्या होत्या. त्या निरोगी निघाल्या असत्या, तर विचारायला आमच्याकडे काहीच उरलं नसतं. मी त्याच दिवशी त्यांची वडी कुरिअरनं मुंबईला पाठवली. रोजच्या पूजेत मी देवाजवळ, आत्याच्या कॅन्सरमध्ये ती खूण सापडू दे, असं मागत होते; सांगायलाही विचित्र वाटतं.

उत्तर 'आहे' असं आलं. खूण ठळक होती. धुळ्याच्या सर्जननं लगेच गोळी लिहून दिली.

गोळ्यांची पहिली स्ट्रिप घेऊन मी गावी गेले. आत्या खाटेवर बसलेली, नाना नेहमीसारखे दारात. मी दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, की सलाईन नको, गोळी लागू पडेल. तरी नाना आत आले नाहीत. उंबऱ्यापलीकडूनच त्यांनी मला विचारलं, "मंग मनामुये इनं काही वाईट नही ना व्हयनं?"

आत्यानं माझ्या हातातली स्ट्रिप घेतली आणि दाराकडे धरली.

"आते पाच वरीस माले रोज गोयी तुम्हीच द्या," ती म्हणाली.