आपल्याच उमेदवाराविरुद्ध

डेल विझ्नियाकने बावीस वर्षांत नऊ उमेदवार पाडले होते. पाडले म्हणजे समोरच्या पक्षाचे नव्हेत, स्वतःचेच, आणि तेही त्यांच्याकडून पगार घेऊन.

त्याच्या धंद्यात हरल्याने माणूस खाली येत नाही, वर चढतो. बाविसाव्या वर्षी तो दारोदार पत्रकं वाटायला लागला. दोन कुत्री चावली, उमेदवार हरला, आणि पुढच्या निवडणुकीत डेल उमेदवाराची गाडी चालवू लागला. साहेबांचा कोट धरायचा, मोहरीचा सॉस सांडलेला टाय बदलून द्यायचा, समोरून येणाऱ्याचं नाव हळूच कानात सांगायचं. ते साहेबही पडले, तसा डेल वार्ताहरांशी बोलणारा झाला. मग राज्याच्या सिनेटचा एक उमेदवार अकरा हजार मतांनी आपटला आणि डेलच्या कार्डावर 'राजकीय सल्लागार' असं छापून आलं. गावची निवडणूक जिंकून देणाऱ्याला तिथे कुणी हिंग लावून विचारत नाही. मोठी निवडणूक हरलेल्याला मात्र अनुभवी म्हणतात.

नवव्या पराभवानंतर हे गणित अचानक थांबलं. राजधानीतली कामं पंचविशीतली पोरं फोनवरच उरकू लागली आणि चव्वेचाळीस वर्षांचा डेल मिशिगन राज्याच्या नकाशात अंगठ्यासारख्या दिसणाऱ्या टोकाला, बार्लो काउंटी या जिल्ह्यात, बहिणीच्या तळघरात येऊन पडला. बहिणीचा नवरा लायल हा भला गडी. घराघरांमागचे शौचखड्डे उपसण्याचा त्याचा टँकर होता. त्याने जेवता जेवता सरळ सांगून टाकलं, की नोव्हेंबरपर्यंत काय निवडणुका खेळायच्या त्या खेळून घे, जानेवारीपासून टँकरवर शेजारची सीट तुझी. वास आठवड्याभरात येईनासा होतो, असा धीरही त्याने दिला. डेलने ताटातली पिएरोगी, म्हणजे बटाट्याची उकडलेली पोलिश करंजी, बाजूला सारली.

नोव्हेंबरात जिंकला तर डेल सल्लागार राहणार होता, हरला तर टँकरवर. आणि अशा वेळी त्याच्या वाट्याला उमेदवार आली ती आर्लीन गुटोव्स्की. वय अडुसष्ट, चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेली, लढवायचं पद काउंटीच्या नाले आयुक्ताचं. समोर हॅरल्ड निट्स्के, अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीत. त्याचा प्रचार म्हणजे एक लाकडी पाटी. दर चार वर्षांनी ती कोठारातून बाहेर यायची आणि तिच्यावर नव्या वर्षाचा आकडा रंगवला जायचा. बाईंच्या रस्त्याकडेचा नाला दर वसंतात तुंबायचा, बीटची शेतं पाण्याखाली जायची आणि निट्स्के म्हणायचा, बघू. त्या 'बघू'चा बाईंना इतका राग आला, की त्यांनी अर्जच भरला.

डेल लहानपणी त्यांच्याच बसने शाळेत जायचा. अजूनही त्यांच्यासमोर उभं राहिलं की त्याचा हात आपोआप शर्टाची बटणं तपासायचा.

त्याने कामाला हात घातला तो रीतसर. सल्लागार मंडळी सगळ्यात आधी आपल्याच उमेदवाराची कुंडली काढतात. शत्रू काय काय खोदून काढेल ते आपणच आधी खोदून ठेवायचं, आणि मग शत्रूच्या वतीने एक विषारी पत्रकही लिहून पाहायचं, म्हणजे कुठे झोंबतं ते कळतं. डेल तीन आठवडे जुनी वर्तमानपत्रं उपसत बसला, लोकांना कॉफी पाजून बोलतं केलं आणि बाईंविरुद्ध असं पत्रक लिहिलं, की निट्स्केला सात जन्मात जमलं नसतं. मथळा होता : 'हिच्या हाती नाले द्यायचे?' खाली बाईंचे सगळे गुन्हे. कुणीतरी खिडकीतून एका म्हाताऱ्याला अंडं मारलं म्हणून भरलेली बस शाळेत परत नेली आणि गुन्हेगार उभा राहीपर्यंत चाळीस मुलांना घरी सोडलं नाही. हिमवादळात शाळेच्या मुख्याधिकाऱ्यांचा हुकूम मोडून बस बाहेरच काढली नाही. नाल्याच्या पाण्याची बादली निट्स्केच्या टेबलावर नेऊन ओतली. आजवर कुणाची स्तुती केल्याचा पुरावा नाही. सगळं खरं होतं, त्यामुळे डेलचा हात भराभर चालला.

दुसरं पत्रक म्हणजे खरं छापायचं होतं ते. त्यात 'दूरदृष्टी' होती, 'उज्ज्वल उद्या' होता आणि निळ्या आकाशाखाली हसणाऱ्या बाई होत्या. त्या एका हसण्यासाठी छायाचित्रकाराने दोन तास घालवले होते.

छापखान्यात पाठवताना डेलने पहिलंच पाठवलं.

छापखानेवाला निवडणुकीची पत्रकं वाचत नसे. वाचायला लागलो तर वेड लागेल, असं तो म्हणायचा आणि त्यात तथ्य होतं. तसं ते निदान निट्स्केच्या नावावर तरी खपून गेलं असतं. पण पत्रकाचा खर्च कुणी केला हे खाली छापावं, असा कायदा आहे, आणि बावीस वर्षांच्या सवयीने डेल ती ओळ कच्च्या मसुद्यावरही घालत असे. गुरुवारी चार हजार घरांत पत्रक पडलं. बाईंच्या अब्रूची लक्तरं, आणि तळाशी ठसठशीत अक्षरांत : खर्च, आर्लीन गुटोव्स्की निवडणूक समितीकडून.

डेलला ही बातमी लायलने दिली. नोव्हेंबरातच येतोस का टँकरवर, असं विचारून तो भिंतीला धरून हसला.

डेल शर्टाची बटणं तपासत बाईंच्या घरी गेला. बाई स्वयंपाकघरात चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन पत्रक तपासत बसल्या होत्या.

"अंडं नव्हतं ते, बीट होतं," त्या वर न बघता म्हणाल्या. "आणि चाळीस नव्हे, सदतीस पोरं. तिघांना गोवर आला होता."

"बाई, माझ्याकडून चूक झाली."

"दिसतंय."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले होते ते मागच्या महिन्यात, तू ते दुसरं वाचायला दिलंस तेव्हा. म्हणे दूरदृष्टी. अरे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष नाही झालं मला." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "हे निदान माझ्याबद्दल आहे."

शुक्रवारी गावच्या क्लबात तळलेल्या माशांच्या जेवणाला सगळं गाव जमलं. डेल दाराशीच घुटमळत होता. आत पत्रक हातोहात फिरत होतं आणि पन्नाशीच्या आतला जो तो सांगत होता, की त्या बसमध्ये मी होतो. बीट फेकणाऱ्याचं नाव त्या संध्याकाळी पहिल्यांदा बाहेर आलं. तो आता बँकेत व्यवस्थापक होता आणि उभा राहून कबूल करताना त्याचे कान लाल झाले होते. हिमवादळाच्या दिवशी दुसऱ्या गावची बस खड्ड्यात गेल्याची आठवण एका आजीने काढली, तेव्हा मात्र हसणारे गप्प झाले. कोपऱ्यात निट्स्के कोशिंबीर चिवडत बसला होता, कारण बाईंना शिव्या घालायला डेलने त्याच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

बाई दोनशे बारा मतांनी निवडून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल त्यांच्याकडे कॉफी पीत बसला असताना वॉशिंग्टनहून फोन आला. त्या धंद्यातलं मोठं नाव, टेरेन्स हॅलोवे. स्वतःच्याच उमेदवारावर हल्ला चढवून विरोधकाची हत्यारंच काढून घ्यायची, ही कल्पना सुचली कशी, असं ते विचारत होते. डेलने आयुष्यभर याच फोनची वाट पाहिली होती. समोर बाई कपात साखर ढवळत होत्या.

"कल्पना नव्हती, साहेब. चूक झाली. चुकीचं पत्रक गेलं छापायला," तो म्हणाला.

पलीकडे खदखदून हसणं ऐकू आलं. वा, गिऱ्हाइकांना हेच सांगायचं, असा विनय शिकवून येत नाही, असं म्हणून हॅलोवेंनी त्याला नोकरी दिली. डेलने पुन्हा सांगितलं की खरंच चूक होती. ते जास्तच खूश झाले आणि सोमवारी हजर व्हायला सांगून त्यांनी फोन ठेवला.

डेलने फोन टेबलावर ठेवला. त्याला आनंद व्हायला हवा होता आणि तो होत नव्हता, याची त्याला चक्क भीती वाटली.

"बाई, तुमचा तरी विश्वास आहे ना, की मी ते मुद्दाम नाही केलं?"

"चौतीस वर्षं आरशातून पोरांची तोंडं बघितली आहेत मी," बाई म्हणाल्या. "मुद्दाम करणारा लगेच ओळखू येतो मला. तू जन्मात काही मुद्दाम केलेलं नाहीस."

डेलच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षं लोकांना काही ना काही पटवण्यात गेली होती, आणि न पटवता त्याचं खरं मानणारं माणूस हे पहिलंच. त्याने हॅलोवेंना फोन लावला आणि आपण येत नाही असं दोनदा सांगितलं. मग हॅलोवे म्हणाले, की माणूस मुरलेला आहे, ठीक आहे, उपाध्यक्ष म्हणून या.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"उपाध्यक्ष केलं मला."

"पण तू तर नाही म्हणालास."

"दोनदा म्हणालो."

बाईंनी दाराजवळचे रबरी बूट चढवले आणि त्यांच्या दिवंगत नवऱ्याचे बूट त्याच्याकडे सरकवले. नाला वर आला होता, आणि खुर्ची जानेवारीत मिळणार म्हणून पाणी थोडंच थांबणार होतं. डेलने बूट घालून बघितले. एक माप मोठे होते. फोन टेबलावर पुन्हा वाजायला लागला.

"घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "आणखी एकदा नाही म्हणालास तर तुला अध्यक्ष करतील."