कूलर कोणी बंद केला?

या पेजवरचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचले. "काय फेकतात लोक!" म्हणून नवऱ्यालाही वाचून दाखवायचे. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही... पण मागच्या मे महिन्यात आमच्या घरात जे झालं, ते कुठे ठेवायचं हे कळत नाही. म्हणून इथे ठेवतेय.

आम्ही नागपूरला वाडीत राहतो. नवऱ्याचं कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई – मी त्यांना आईच म्हणते. आईंना बऱ्याच वर्षांपासून संधिवात आहे, तो र्‍हुमॅटॉइडवाला. बोटं वाकडी झालीत, साधं बाटलीचं झाकणही फिरत नाही. सासरे, म्हणजे बाबा, त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले.

बाबांची एक सवय होती. भर उन्हाळ्यात दुपारी आईंचा डोळा लागला की ते कूलर बंद करायचे आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसायचे. आम्ही घामाने निथळायचो. नवरा चिडवायचा, "बाबा, कूलरवाल्याच्याच घरी कूलर बंद! गिऱ्हाईक काय म्हणन?" ते म्हणायचे, "ओल्या हवेनं तिचे सांधे धरतात गा." बाबा गेल्यावर कूलर दुपारभर चालू राहायला लागला. खरं सांगते, बरंच वाटलं.

आई घोरायच्या खूप. दुखणेकऱ्याचा डोळा लागला की आमच्याकडे त्याला कोणी उठवत नाही. घोरणं ऐकू आलं की आम्ही म्हणायचो – चला, आज दुखत नाहीये. तरी उठल्यावर त्या थकलेल्याच. संधिवात आहे, थकवा येणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. मे महिन्यातल्या त्या दुपारी त्यांनी शेजारच्या काकूंकडून झोपेची गोळी मागून घेतली. "झोपच पुरून नाही राहिली वं," म्हणाल्या.

जेवण करून नवरा दुकानात गेला. मी आतून कडी लावली. आई खोलीत झोपलेल्या, मी स्वयंपाकघरात गहू निवडत होते. कूलरची घरघर सगळ्या घरात भरलेली... आणि खटकन कूलर बंद झाला.

लाइट गेली वाटलं. पण डोक्यावरचा पंखा तर फिरत होता. मग लक्षात आलं – घोरणंही नाही. कसलाच आवाज नाही.

खोलीत गेले. आई उताण्या, तोंड उघडं, ओठ निळसर. छाती हलत नव्हती. खांदे हलवले, हाका मारल्या, शेवटी ओढून बसवलं, तेव्हा कुठे त्यांनी बुडता बुडता वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला. "काहून उठवलं वं?" एवढंच बोलल्या. मी भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. कूलरचं बटन कोणीतरी बंद केलेलं होतं.

मला भीती वाटली नाही. रडूही आलं नाही. काहीच वाटलं नाही. गरम होत होतं म्हणून मी बटन पुन्हा चालू केलं आणि नवऱ्याला फोन लावला.

त्याने येऊन बोर्ड खोलून पाहिला. "बटन तं एकदम टाइट आहे. आपोआप बंद नाही होत हे. तूच केलं असशीन." मी नाही म्हटलं. आईंच्या बोटांनी तर ते दबतच नाही.

धंतोलीत डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या संधिवातात जबड्याचे, मानेचे सांधेही बिघडू शकतात, श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून अशा पेशंटना झोपेत श्वास अडकण्याचा – स्लीप अ‍ॅप्नियाचा – धोका जास्त, माणूस बारीक असला तरी. त्यात ती गोळी.

"झोपेत यांचा श्वास थांबतो, हे आधी कोणाच्या लक्षात आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आई बोलल्या, "हे म्हणत ना. तू मधातच बंद पडते म्हणे, पाय हलवा लागते तुह्ये. मले वाटे चिडवून राहिले."

बाबा कूलर बंद करायचे ते सांध्यांसाठी नव्हतंच. त्या घरघरीत आईंचा श्वास ऐकू येत नसे, म्हणून ते घामात बसून तो ऐकत असायचे. इतकी वर्षं.

आता टेस्ट झाली, झोपेत मास्कमधून हवा देणारी मशीन आली. मास्कचा पट्टा आईंच्या बोटांना जमत नाही, मीच लावते. त्या दिवशी बटन कोणी दाबलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नवऱ्याकडेही नाही, आणि त्याचं तर कामच ते आहे.

दुपारी कधी मास्क लावायच्या आधीच आईंचा डोळा लागतो. मग मी कूलर बंद करते आणि बाबांच्या खुर्चीवर बसते. परवा त्या मधेच जाग्या झाल्या. "एवढ्या गर्मीत कूलर काहून बंद केला वं?"

"ओल्या हवेनं तुमचे सांधे धरतात," मी म्हटलं.