आत्यांच्या गोंबेचा नियम

मी एका गेलेल्या बाईवर जळते.

आज वर्ष झालं आत्यांना जाऊन. तरी जळते.

आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या. म्हैसूरच्या कडेला, हिनकलला एकट्या राहायच्या. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेल्या, पण आवाज शेवटपर्यंत ट्रंककॉलचा.

आमच्या लेकीला, जुईला शाळेत घालणार नाही, घरीच शिकवणार म्हटल्यावर सगळ्यांनी आम्हाला लेक्चर दिलं.
आत्या एवढंच म्हणाल्या, "शाळेत नाही, मग काय लोणचं घालणार पोरीचं?"

तर ही पोर फक्त घोड्यांची पुस्तकं वाचायची.

मी काय नाही केलं! ग्रह आणले, इतिहास आणला, कविता आणल्या. रीडिंग चार्ट केला, त्यावर स्टार चिकटवले.

ती पुस्तक हातात घ्यायची. "यात घोडा आहे?"
नाही म्हटलं की बंद.

मग दसरा आला. आमच्या म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी पायऱ्यांवर गोंबे मांडतात, म्हणजे बाहुल्या. जुई आपला लाकडी घोडा घेऊन आत्यांकडे गेली.

"मांड की. पण आमच्यात नियम आहे. जी गोंबे तू मांडशील, तिची गोष्ट आल्यागेल्यांना तूच सांगायची."

घोड्याची गोष्ट झाली. मग आत्यांनी तिच्या हातात नाक तुटलेला नावाडी ठेवला.

"याची गोष्ट काय, आत्याआजी?"
"मला काय ठाऊक? शोध."

मी तोंड उघडलं, "जुई, आपल्याकडे नदीवरचं..."
"सुम्ने, गप्प बस गं तू!" आत्या माझ्यावर डाफरल्या.

घरी येऊन बाईसाहेबांनी कपाटातून नदीवरचं पुस्तक काढलं.

मी आणलेलं. तिनेच तीनदा परत ठेवलेलं!

वाचून झाल्यावर मला म्हणते, "आत्याआजीमुळे काय भारी पुस्तक मिळालं ना?"

अय्यो, तिळपापड झाला माझा नुसता.

पुढे दसरा नसला तरी आत्यांच्या पेटीतून एकेक गोंबे निघत राहिली. वैद्य, भाजीवाली, पैलवान, वरातीतला बँडवाला. जुई वाचत सुटली.
आणि वाचलेलं सांगायला धावायची कुणाकडे? हिनकलला. मी इथे घरात बसलेली असताना.

गेल्या दसऱ्याला आम्ही काही मांडलं नाही. पेटी आता चामराजपुरमला, आमच्याकडे आहे. काल जुईने ती उघडली आणि चष्मा लावलेली एक म्हातारी बाहेर काढली.

"ही आत्याआजी. यंदा मांडायची. हिची गोष्ट तू सांग."

"मी का? लाडकी तू होतीस."

"हिच्यावर पुस्तक नाहीये ना, आई. आणि तू तर रोज तिच्याबद्दल बोलतेस."

बोलते कसली, कुरकुरते. पण सांगायला बसले आणि थांबताच येईना.

म्हणजे आत्या, यंदा हळदीकुंकवाला येणाऱ्या एकेकीला मीच तुमचं कौतुक ऐकवायचं. मेल्यावरही तुमचंच खरं!

ही त्याची तालीम समजा, आत्या.

जळून जळून, पण मनापासून नमस्कार.