‘घाबरू नका’ ही ठळक ओळ

आमच्या परीक्षा विभागात वेबवरची पानं तयार करणाऱ्या बाईंना सगळे धास्तीताई म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात आणि त्या हसतात. घराला कुलूप लावलं की नाही, या शंकेने त्या बसमधून उतरून परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. मी शेजारच्या टेबलावरचा मुद्रितशोधक. मला त्यांचा राग यायचा, कारण त्यांची भीती सर्दीसारखी होती, शेजाऱ्याला लागायची.

यंदा मात्र भिण्याजोगं कारण होतं. गणिताची परीक्षा पहिल्यांदाच संगणकावर होती आणि त्यांची भाची, भावाची मुलगी, त्या परीक्षेला बसणार होती. तिला दिसत नाही. संगणक प्रश्न वाचून दाखवणार, ती ऐकून उत्तर देणार. पेपर हुकला की पुढच्या शिक्षणाची जागा गेलीच.

सर्व्हर पान पाठवतो तेव्हा ते कोणत्या प्रकारचं आहे हे आधी सांगतो. ताईंपुढे दोन प्रकार होते. साधा प्रकार सांगितला तर ब्राउझर लहानसहान चुका पोटात घालतो, पण केंद्रांवरच्या जुन्या संगणकांना मग गणिताच्या खुणाच कळत नाहीत. अंश आणि छेद एका ओळीत येतात. एक छेद दोन हा अपूर्णांक ‘एक दोन’ असा ऐकू येतो; ते बारा समजायचे की काय, देव जाणे. दुसरा प्रकार काटेकोर. त्यात अपूर्णांक अपूर्णांकासारखाच वाचला जातो. पण मजकुरात घातलेली एखादी खूण, म्हणजे टॅग, उघडली आणि बंद करायची राहिली, तर ब्राउझर अख्खं पान नाकारतो.

“साधा ठेवा. निदान पान तरी उघडेल,” विभागाचे साहेब म्हणाले.

“उघडून काय करायचं, साहेब? प्रश्नच चुकीचा ऐकू येईल.” ताईंचा आवाज कापत होता, पण त्या हटल्या नाहीत.

“मग तुमच्या जबाबदारीवर,” म्हणून साहेबांनी हात झटकले.

त्यानंतर ताईंनी प्रत्येक पान डोळ्यांत तेल घालून तपासलं. पुन्हा तपासलं. मला तपासायला लावलं. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरायची आणि मी मनातल्या मनात चरफडायचो. परीक्षेच्या सकाळी शेवटची तपासणी झाली, सगळी पानं नीट उघडली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

परीक्षा सुरू झाली आणि टेबलावरचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. कुठल्याच केंद्रावर पहिलं पान उघडत नव्हतं. पडद्यावर फक्त चूक असल्याचा निरोप.

“प्रकार बदला! आत्ताच्या आत्ता!” साहेब ओरडत आले.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चूक कोणत्या ओळीत आहे ते पडद्यावर लिहिलेलं होतं, पण त्यांना ते वाचता येईना. साधा प्रकार निवडायला त्यांनी हात पुढे केला. मला भाचीचे ‘एक दोन’ आठवले आणि माझं डोकं फिरलं.

“थांबा! आपण तपासल्यानंतर तुम्ही काय केलंत?” मी खेकसलो.

“काही नाही हो... वर एक ओळ घातली. ‘घाबरू नका.’ पोरं बिचारी...”

“नुसती घातली?”

“ठळक केली.”

एवढं बोलल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. ठळक अक्षरांची खूण उघडली होती, बंद करायची राहिली होती. दहादा कुलूप ओढणाऱ्या बाईने नेमकं हेच दार सताड उघडं ठेवलं! त्यांनी खूण बंद केली. पान उघडलं. साहेबांनी सगळ्या केंद्रांना वेळ वाढवून दिला.

पण भाची तोवर उठून गेली असेल तर? रडत बसली असेल तर? दुपारपर्यंत ताई फोनकडे बघत बसल्या. डबा उघडलाच नाही. खरं सांगतो, मीही उघडला नाही.

शेवटी तिचा फोन आला. ताईंनी तो मलाही ऐकू यावा असा ठेवला.

“आत्या, अपूर्णांक सगळे नीट ऐकू आले गं. पेपर छान गेला.”

“आणि आधी पान उघडलं नाही तेव्हा?”

“तेव्हा फार घाबरले. उठणारच होते. इतक्यात पान उघडलं आणि मशीन म्हणालं, घाबरू नका. मग कळलं, अरे, ही तर आपली आत्या, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं कुणीतरी तिकडे बसलंय. मग बसले.”