चतुराच्या शेपटीचं सूत

अण्णा, माझे वडील, परवा गेले. आज मी त्यांनी विणलेली कोरी चादर उघडली आणि खळीच्या वासासरशी पन्नास वर्षांपूर्वीचा आमचा सोलापुरातला माग आठवला.

मी चतुराच्या शेपटीला सूत बांधून त्याला उडवत होते. अण्णांनी चालता माग थांबवला. वाटलं, आता थप्पड बसणार.

“मी धरतो. बांधलंस तूच, सोड तूच.”

“तोडू की, अण्णा?”

“तोडलंस तर गाठ ऱ्हाते की त्याच्या अंगावर. हळू.”

घट्टे पडलेल्या त्या बोटांत काचेसारखे पंख थरथरत होते, पण एकही चुरगळला नाही. गाठ सुटली, चतुर उडाला. मी मात्र अण्णांच्या हातांकडेच बघत राहिले.

परवा ते गेल्यावर त्याच हातावरची सलाइनची चिकटपट्टी मी काढत होते, तेव्हा नर्स म्हणाली, “ओढा की, आता कुठं दुखतंय त्यांना?”

मी हळूच सोडवली.