न उघडणारी काच

आमचं घर चौदाव्या मजल्यावर. काल भर दुपारी हॉलच्या खिडकीबाहेर आधी दोन पाय उतरले, मग दोरावर बसलेला अख्खा माणूस. इमारतीच्या काचा पुसणारा. मला पाहून त्याने अंगठा ओठांशी नेला. पाणी हवं होतं.

मी ग्लास भरून धावत आले आणि काचेशी थबकले.

"अगं, ती कुठे उघडते?" सासूबाई मागून म्हणाल्या.

समोरचा डोंगर अखंड दिसावा म्हणून ही एकसंध काच आम्हीच हौसेनं निवडली होती. उघडणारी खिडकी स्वयंपाकघरात, पार पलीकडच्या अंगाला. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावं, हे लहानपणी शिकले होते. दार नाही तिथे कुणी आलं तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

काचेवर तळवा टेकवून मी नकारार्थी मान हलवली. "राहू द्या," त्याचे ओठ म्हणाले. मग माझ्या तळव्याचा ठसा दिसला, तिथे तो फडकं घासू लागला. ठसा जाईना. तो आतून होता.

शेवटी मीच ओढणीनं पुसला. तेव्हा कुठे समाधानानं मान डोलावून तो तेराव्या मजल्याकडे उतरला. भरलेला ग्लास माझ्या हातात तसाच होता.